न पाठ केलेले पान



मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या आडत्याने पियानोविषयी लिहावे, हे पाहून काही वाचकांच्या चेहऱ्यावर स्मित उमटेल. ते स्वाभाविकच आहे. आमच्या गावास मोंढा आहे, हंगामात सोयाबीन-तुरीचे ढीग आणि कापसाच्या गाड्या आहेत. रेल्वे पकडावयाची तर परतूरला जावे लागते. पियानो मात्र माझ्या माहितीत गावात एकच, आणि तो आमच्या दुकानावरील माडीत आहे. तोही तारांचा आणि मोठ्या लाकडी पेटीचा नव्हे. विजेवर चालणारा, परंतु पट्ट्या पूर्ण ८८. चार वर्षांपूर्वी चिरंजीवाने तो नातीसाठी आणला. जिन्यावरून चढविताना हमालांनी विचारले, "शेठजी, ही कोणती पेटी?" आणि मलाही नीट उत्तर देता आले नव्हते.

नातीची शिकवणी पुण्याच्या एका शिक्षिकेकडे, टॅबलेटच्या पडद्यावरून. चातुर्मासात सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकावयाची, त्यानंतर प्रतिक्रमण. म्हणून शिकवणीची वेळ दुपारी चारची ठरली. दुकानात काटा चालू असे आणि वरून स्वर येत. पहिले वर्षभर तेच ते सूर ऐकून आमचे मुनीमजी त्रासले होते. पुढे हिशोबपट्टी करताना तेही गुणगुणू लागले.

पोरीची स्मरणशक्ती विलक्षण. आठव्या वर्षी तिला प्रतिक्रमणाची सूत्रे मुखोद्गत होती. पुस्तक न उघडता, एकही शब्द न अडखळता ती म्हणत असे, आणि आम्हां वडीलधाऱ्यांस त्याचा केवढा अभिमान! पियानोवरही तसेच झाले. शिक्षिकेने एक रचना दोन-चारदा वाजवून दाखविली की हिच्या बोटांत ती बसे. महावीर जन्मकल्याणकाच्या कार्यक्रमात तिने दहा मिनिटे वाजविले. समोर कागद नव्हता. लोकांनी टाळ्या वाजविल्या. "कागदसुद्धा लागत नाही हो हिला," असे माझ्या शेजारी बसलेले एक गृहस्थ म्हणाले आणि मी ते घरी येऊन चार जणांना सांगितले. कागद लागत नाही, हीच मुळात अडचण आहे, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आले नाही.

मागील वर्षी तिला परीक्षेस बसविले. लंडनच्या ज्या संस्था आपल्याकडे पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षा घेतात, त्यांतील एक म्हणजे १८८९ साली स्थापन झालेले असोसिएटेड बोर्ड. त्याच्या प्रत्यक्ष परीक्षेचा हिशोब व्यापाऱ्यास आवडावा असा चोख आहे. एकूण गुण १५०. तीन तयार रचनांचे प्रत्येकी ३० प्रमाणे ९०, स्वरसप्तकांचे २१, कानाच्या परीक्षेचे १८, आणि उरलेले २१ गुण साईट रीडिंगचे. उत्तीर्ण होण्यास १०० लागतात, आणि एखाद्या विभागात कमी पडले तरी एकूण बेरीज भरली की प्रमाणपत्र मिळते.

साईट रीडिंग म्हणजे काय? पूर्वी कधीही न पाहिलेला, न ऐकलेला छोटासा संगीतलेख परीक्षक समोर ठेवतो. अर्धा मिनिट पाहावयास मिळते. त्या वेळात हवे तर एखादा भाग वाजवूनही पाहता येतो. मग वाजवावयाचे. पाठांतर नाही, तालीम नाही, गुरुजींनी आधी वाजवून दाखविलेले नाही. कागदावर जे आहे ते डोळ्यांनी घ्यावयाचे आणि त्याच श्वासात बोटांतून बाहेर काढावयाचे. मराठीत त्यास प्रथमदर्शन वाचन म्हणता येईल. परंतु आपण साईट रीडिंग हाच शब्द ठेवू, मुलांच्या तोंडी तोच आहे.

नातीने तीनही रचना उत्तम वाजविल्या. नंतर तो कागद समोर आला. तिने पहिला स्वर लावला, दुसरा शोधला, तिसऱ्यापाशी थांबली. पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. पुन्हा तेथेच थांबली. परीक्षक सौजन्याने 'थँक यू' म्हणाले. निकाल लागला तेव्हा ती उत्तीर्ण होती. बेरीज शंभराच्या वर गेली होती. घरात पेढे वाटले गेले. परंतु त्या २१ गुणांच्या रकान्यात उत्तीर्णतेस लागणाऱ्या १४ पेक्षा पुष्कळ खालचा आकडा होता. आम्ही सर्वांनी बेरीज पाहिली, तिने तो रकाना पाहिला. रात्री माझ्या खोलीत येऊन म्हणाली, "दादाजी, मला पियानो येतच नाही. मी नुसते पाठ करते." आणि दुसऱ्या दिवसापासून तिने माडीवर जाणे बंद केले.

सूनबाईंनी चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. पहिल्या वर्षी शिक्षिकेने सोयीसाठी प्रत्येक स्वरचिन्हाखाली पेन्सिलीने स्वराचे अक्षर लिहून दिले होते. मूल अक्षर वाचत होते. चिन्हाकडे पाहण्याची गरजच पडली नव्हती. पुढे अक्षरे बंद झाली, तर पाठांतर मदतीस धावले. दोष एकट्या शिक्षिकेच्या माथी मारावा असे मला वाटत नाही. कार्यक्रमाची घाई आम्हीच केली होती.

येथे मला माझी एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती मी आजवर घरातही सांगितलेली नव्हती.

आमच्या वडिलांच्या काळी दुकानाच्या वह्या आणि मारवाडातून येणारी पत्रे महाजनी अक्षरांत असत. वाचकांपैकी ज्यांनी ती लिपी पाहिली आहे त्यांस ठाऊक आहे की तीत काना, मात्रा, वेलांटी बहुधा लिहीतच नसत. नुसती व्यंजने एकामागून एक. 'काकाजी अजमेर गये' असे लिहिलेले पत्र 'काकाजी आज मर गये' असे वाचले गेले आणि घरात रडारड झाली, हा आपल्या समाजातील जुना विनोद त्याच लिपीचा. प्रश्न असा की अशी लिपी लोक इतक्या वेगाने वाचत कसे? वडील पत्र हाती घेत आणि उभ्या-उभ्या, न थांबता, आईस वाचून दाखवीत. लहानपणी मला ती जादू वाटे. आज समजते की ते एकेक अक्षर वाचतच नसत. पत्राचा मायना ठराविक असे. तेथे डोळा क्षणभरही थांबत नसे. नजर जाई ती मिती, रक्कम आणि नाव यांवर. बाकीचे अनुभव भरून काढीत असे. जो अक्षर-अक्षर लावीत बसे त्याचीच फसगत अधिक होई.

मी दहा-अकरा वर्षांचा असताना वडिलांनी मला ती लिपी शिकविण्यास घेतली. रोज एक पान. मी काय करीत असे, तर त्यांनी वाचलेले ऐकून पाठ करीत असे आणि दुसऱ्या दिवशी बोट ओळीवर फिरवीत घडाघडा म्हणत असे. बोट आणि शब्द एका ठिकाणी असतीलच असे नव्हे. महिनाभर त्यांनी कौतुक केले. एके दिवशी त्यांनी सहज वही उलटून भलतेच पान समोर ठेवले आणि म्हणाले, "हे वाच." मी गप्प. त्यांनी माझ्याकडे पाहिले, रागावले नाहीत, वही मिटून कापडात बांधली आणि गल्ल्यावर जाऊन बसले. पुन्हा त्यांनी मला कधी शिकविले नाही आणि मीही कधी विचारले नाही. त्या वह्या आज माळ्यावर लाल कापडात आहेत. दिवाळीस आम्ही त्यांस हळद-कुंकू वाहतो. त्यांतील एक ओळ वाचणारा माणूस आता आमच्या घरात उरलेला नाही.

नात जे म्हणाली ते मी ऐकले तेव्हा मला माळ्यावरचे ते लाल कापड आठवले.

मग मी या विषयाच्या मागे लागलो. संगीत मला कळत नाही; परंतु कोणत्या व्यवहारात तूट कोठे येते हे शोधण्याची सवय आहे. पियानोचा कागद प्रथमच लक्षपूर्वक पाहिला. पाच-पाच आडव्या रेषांचे दोन पट्टे, एकाखाली एक. वरचा बहुधा उजव्या हाताचा, खालचा डाव्या हाताचा. ठिपका जितका वर, तितका स्वर उंच. ठिपका पोकळ की भरीव, त्यास दांडी आहे की नाही, दांडीस शेपूट आहे की नाही, यावरून तो किती वेळ धरावयाचा ते ठरते. रेषांवर स्वर मांडण्याची ही रीत सुमारे एक हजार वर्षांपूर्वी इटलीतील ग्वीदो नावाच्या एका ख्रिस्ती साधूने नीट बसविली. त्याचे दुखणेही हेच होते: गायक मुले वर्षानुवर्षे ऐकून पाठ करीत आणि नवे भजन आले की गुरूवाचून पंगू होत. पियानोवाल्याची अडचण मात्र गायकापेक्षा मोठी. त्यास दोन पट्टे एकाच वेळी वाचावयाचे असतात. आपल्या रोजमेळात डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे असते. दोन्ही बाजू एकाच नजरेत घेऊन शिल्लक सांगणारा मुनीम जसा विरळा, तसेच हे.

कुशल वाचक काय करतो, यावर विलायतेत पुष्कळ अभ्यास झालेला आहे. जॉन स्लोबोडा या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. वाजविणाऱ्यासमोर पडद्यावर संगीतलेख दाखवावयाचा आणि वाजविणे चालू असताना मध्येच तो एकाएकी नाहीसा करावयाचा. त्यानंतर तो किती स्वर बिनचूक वाजवू शकतो, ते मोजावयाचे. जे कच्चे वाचक होते ते तीन-चार स्वर वाजवून थांबले. जे पक्के होते ते सहा-सात स्वरांपर्यंत गेले. म्हणजे बोट येथे असते तेव्हा डोळा तेवढा पुढे गेलेला असतो. आणखी एक गोष्ट त्यास आढळली: हे अंतर सरसकट सारखे नसे, संगीताचे वाक्य जेथे संपते तेथपर्यंत ते ताणले वा आखडले जाई. डोळा स्वर मोजीत नाही, वाक्य उचलतो. वडिलांचा मायना मला येथे पुन्हा भेटला.

दुसरी हकीकत त्याहून गमतीची आहे. बोरिस गोल्डॉव्स्की नावाचे अमेरिकेतील एक नामवंत पियानोवादक आणि शिक्षक. त्यांच्यासमोर एक विद्यार्थिनी ब्राम्स या जर्मन संगीतकाराची एक रचना वाचून वाजवीत होती. वाचनात ती कच्चीच होती. एके ठिकाणी तिने चुकीचा स्वर लावला, त्यांनी टोकले, तिने कागदाकडे बोट दाखविले. कागदावर खरोखरच तो चुकीचा स्वर छापलेला होता! कितीतरी जणांनी ती प्रत वाजविली असेल, कोणासही चूक दिसली नव्हती. पुढे गोल्डॉव्स्कींनी निष्णात वाचकांसमोर तीच रचना ठेवून सांगितले की यात छपाईची एक चूक आहे, शोधा. त्यांना ती सापडेना. कारण त्यांचा डोळा छापलेले वाचीत नव्हता, असावयास हवे ते वाचीत होता. जी मुलगी ठिपका-ठिपका लावीत होती तिलाच चूक दिसली. अजमेरच्या पत्राची ही उलटी बाजू समजावी. हे मी नातीस सांगितले तेव्हा अनेक दिवसांनी ती हसली. "म्हणजे हळू वाचणाऱ्याचाही उपयोग असतो," असे ती म्हणाली.

आता कोणी म्हणेल, हे सर्व परक्या देशांचे कौतुक. आपला त्याच्याशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो आपल्या कानांत रोज वाजतो. १९५० आणि १९६० च्या दशकांतील हिंदी चित्रपटांची जी गाणी ऐकत आपली पिढी वाढली, त्यांतील व्हायोलिनांचे ताफे, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, पियानो वाजविणाऱ्यांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांत मुलांना लहान वयातच स्वरलिपी वाचावयास शिकवीत. गावात शेती किंवा मासेमारी करणाऱ्याचा मुलगाही ठिपके वाचून गात असे. ही मुले मोठी होऊन मुंबईत आली. संगीतकार चाल बांधी, हार्मोनियमवर म्हणून दाखवी. बहुतेकांस पाश्चात्त्य स्वरलिपीत लिहिण्याची सवय नव्हती. ती चाल कागदावर उतरवून प्रत्येक वाद्याचा वेगळा भाग लिहिण्याचे काम संयोजक करीत. शंकर-जयकिशन यांच्यासाठी हे काम वर्षानुवर्षे करणारे सेबास्टियन डिसोझा गोव्याचेच. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस, जन्म १९२७, हे व्हायोलिनवादक आणि संयोजक. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' चित्रपटातील अमिताभ बच्चनचे ते गाजलेले गाणे आपण सर्वांनी ऐकले आहे. त्यात जे नाव येते ते शिष्याने गुरूस वाहिलेले आहे, हे मला स्वतःला साठीनंतर समजले.

व्यापारी वाचकांनी त्या काळच्या ध्वनिमुद्रणाचा हिशोब ध्यानात घ्यावा. गायक आणि सगळा वाद्यवृंद एकाच वेळी, एकाच दालनात वाजवीत असे. पन्नासांतील एक चुकला तरी सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून वाजवावयाचे. दालनाचे भाडे चालू, वादकांची पाळी चालू. वादकाच्या हाती कागद बहुधा त्याच दिवशी पडे. अशा वेळी ज्यास पाहताक्षणी वाजविता येते त्याची किंमत काय असेल, हे मोंढ्यात बसणाऱ्यास वेगळे सांगावयास नको. साईट रीडिंग ही परीक्षेतील कटकट नव्हती. ते त्या लोकांचे पोट होते. पियानो शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे लक्षात ठेवले तर त्या २१ गुणांकडे पाहण्याची दृष्टी बदलेल.

याचा अर्थ पाठांतर हलके, असा कोणी काढू नये. आपल्याकडील संगीत कानाने आणि स्मरणानेच टिकले. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्या-घराण्यांतून बंदिशी गोळा करून 'क्रमिक पुस्तकमालिका' सहा भागांत मराठीत सिद्ध केली. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले आणि त्यांनीही आपली स्वरलिपी घडविली. तरीही भातखंड्यांचे पुस्तक उघडून कोणी ख्याल गाऊ लागला असे होत नाही. लिपी तेथे सांगाडा देते, मांस गुरूजवळ. ज्या संगीतात गायक त्या क्षणी नवे रचतो, तेथे सर्व लिहून ठेवण्यात अर्थही नाही. पाश्चात्त्य संगीतात गणित निराळे: रचनाकाराने जे लिहिले ते वाजविणाऱ्याने प्रथम वाचले पाहिजे. मुलगा हार्मोनियम शिकत असेल तर त्यास ठिपक्यांच्या मागे लावू नये. पियानो शिकत असेल तर ठिपके टाळून चालणार नाही. आमची चूक ही की आम्ही एका विद्येच्या फूटपट्टीने दुसरीस मापले. आणि सूत्रे मुखोद्गत असणे ही गोष्ट चांगलीच आहे. तीच पोर आज त्यांचा अर्थ पुस्तकात पाहते, तेव्हा तिला कोठे काय आहे ते शोधावे लागत नाही.

नातीस पुन्हा माडीवर कसे नेले, ते आता सांगतो. मी तिला वडिलांची आणि माझी हकीकत सांगितली. वही मिटली त्या प्रसंगापर्यंत आलो तेव्हा तिने विचारले, "मग तुम्ही पुन्हा उघडायला का नाही सांगितले?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी एवढेच म्हणालो की आपण तुझी उघडू.

शिक्षिकेशी बोललो. त्यांनी कोणताही संकोच न ठेवता चूक मान्य केली आणि वाट सुचविली. नाती जी श्रेणी उत्तीर्ण झाली होती तिच्याही खालची, अगदी बाळबोध पुस्तके त्यांनी पाठविली. नियम असा: रोज एक नवे पान, आणि आज वाजविलेले पान उद्या वाजवावयाचे नाही. हा दुसरा नियम सर्वांत अवघड गेला. पोर हट्ट धरी की हे अजून नीट आलेले नाही, आणखी एकदा. परंतु तिसऱ्यांदा वाजविले की स्मरणशक्ती पुढे सरसावते आणि डोळा झोपी जातो. म्हणून दोनदा वाजवून पान मिटावयाचे, कितीही चुका होवोत. पान मिटण्याचे काम माझ्याकडे आहे. माझ्या वडिलांनी मिटले तसे नव्हे, दुसरे उघडण्यासाठी.

वाजविण्यापूर्वी अर्धा मिनिट नुसते पाहावयाचे. कोणत्या स्वरापासून आरंभ, कोणते स्वर तीव्र वा कोमल आहेत, मात्रा तीनच्या की चारच्या, दोन्ही हात कोठे ठेवावयाचे, आणि सर्वांत कठीण जागा कोठे आहे. ती जागा पाहून जेवढ्या गतीने ती पार होईल तेवढीच गती संपूर्ण पानास. पुष्कळ मुले सोप्या आरंभावरून गती ठरवितात आणि चौथ्या ओळीत दरीत कोसळतात.

मग थांबावयाचे नाही. एखादा स्वर चुकला तर चुकू द्यावा. ताल सुटता कामा नये. आमच्या नातीस हे पटावयास दोन महिने लागले, कारण चूक दुरुस्त न करता पुढे जाणे तिला खोटेपणा वाटे. मी तिला म्हटले, काट्यावर पोते चालू असताना मागच्या पोत्याचे वजन पुन्हा करीत बसलो तर शेतकऱ्यांची रांग संध्याकाळपर्यंत हलणार नाही. पोते बाजूला काढून ठेवावे, नंतर पाहावे. हे तिला समजले.

यात माझे काम दोन प्रकारचे. एक म्हणजे मेजावर बोटाने ठोका धरणे. शिक्षिका हे करू शकत नाहीत. पडद्यावरून आवाज किंचित उशिरा पोहोचतो, त्यामुळे दोघींना एकत्र वाजविता येत नाही. माझा ठोका मात्र शेजारीच असतो आणि तो कोणासाठी थांबत नाही. दुसरे काम दुकानाच्या कार्डाचे. ती ज्या मापावर आहे ते माप कार्डाने झाकत जावयाचे, म्हणजे डोळ्यास पुढे पळण्यावाचून गत्यंतर नाही. पहिल्या दिवशी ती चिडली. "दादाजी, मला दिसत नाही!" मी म्हटले, तेच तर करावयाचे आहे. ज्या पालकांस संगीताचे अक्षरही येत नाही त्यांसही ही दोन कामे करता येतील, म्हणून मुद्दाम सविस्तर लिहिले. ठिपक्यांखाली अक्षरे लिहून देण्याचा मोह मात्र कोणीही करू नये.

तिला हातांकडे न पाहता वाजविण्याचीही सवय लावीत आहोत. काळ्या पट्ट्या दोन आणि तीनच्या गटांत असतात. त्यांस स्पर्श केला की आंधळ्यासही आपण कोठे आहोत ते कळते. मान वर-खाली झाली की ओळ हरवते.

आठ महिने झाले. फार मोठी प्रगती झाली असे सांगणार नाही. डावा हात अजून मागे राहतो, आणि तीव्र-कोमलाची चिन्हे तीनपेक्षा अधिक असली की पोर ओठ चावते. १८७० साली रोममध्ये फ्रान्झ लिस्ट यांनी ग्रीग या तरुण संगीतकाराचे हस्तलिखित समोर ठेवून त्याचा अवघा पियानो कॉन्चेर्टो पाहताक्षणी वाजविला, हे मी तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "त्यांना दुकानाचे कार्ड कोणी धरले होते?" पुढील परीक्षा कधी द्यावयाची ते अजून ठरविलेले नाही. ठरविण्याची घाई या वेळी कोणास नाही.

परवाची गोष्ट. दुपारी चारच्या सुमारास आभाळ भरून आलेले, माडीवर अंधार. मी ठोका धरला होता, कार्ड सरकवीत होतो, पान नवे होते. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर वीज गेली. दिवा गेला, पियानोचा आवाज गेला, खाली दुकानात कोणीतरी नेहमीप्रमाणे "गेली!" म्हणाले. अंधारात मला केवळ पट्ट्यांचा कोरडा आवाज ऐकू आला. टक, टक, टक, टक, टक. मग थांबला.

मी मोजले होते. "पाच," म्हणालो.

"सहा," ती म्हणाली. "एक डाव्या हाताचा होता, तुम्हाला ऐकू आला नाही."